आत्यांचा होकार

आत्यांना भाऊ नव्हता, त्यामुळे रक्ताच्या नात्यानं त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. तरी खालच्या वस्तीतलं प्रत्येक पोर त्यांना आत्या म्हणायचं, आणि पोरं मोठी होऊन त्यांना पोरं झाली तरी ‘आत्या’च म्हणायची. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या टोकाला त्यांचं पाळणाघर होतं. दोन खोल्या, एक मोरी, दाराबाहेर ऐसपैस दगडी पायरी, आणि खिडकीला आतून ठोकलेली जाळी. मागे एका पठ्ठ्यानं सगळ्यांचे डबे एकेक करून गल्लीत फेकले होते, तेव्हापासूनची ती जाळी.

आत्यांच्या घरात नियम दोनच होते, पण ते कुणासाठी वाकत नसत. पहिला म्हणजे, सकाळी मूल ज्याच्या हातून आलं, संध्याकाळी त्याच्याच हातात जायचं. दुसऱ्या कुणाच्या नाही. एका मुलीचा बाप ट्रकवर ड्रायव्हर होता, महिनोन् महिने बाहेर. एकदा सुट्टीवर आला आणि मोठ्या हौसेनं लेकीला न्यायला गेला. आत्यांनी त्याला दारातच अडवलं.

“अहो, मी बाप आहे तिचा!”

“असाल की. नाक तुमचंच आहे, दिसतंय ते. पण सकाळी तिला आजोबांनी आणलंय. बसा पायरीवर, येतील ते.”

बिचारा बसला. त्याचीच लेक जाळीतून त्याला वाकुल्या दाखवत होती. आजोबा आले, कपाळावरचा जाड भिंगांचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी जावयाला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “आत्या, इसम ओळखीचा वाटतो, पण खात्री देता येत नाही.” ही गोष्ट वस्तीत पुढे कितीतरी दिवस पुरली.

दुसरा नियम होता ‘दिवस सांगण्याचा’. मूल हवाली करताना आत्या त्याचा सगळा दिवस सांगायच्या. काय खाल्लं, किती झोपलं, कुठे आपटलं, कशावरून रडलं. घाईत असलेल्या आया जागच्या जागी पाय बदलत राहायच्या, पण आत्यांचं सांगून झाल्याशिवाय पोराचा हात सुटायचा नाही. “घरी नेताय ना? मग त्याच्यासोबत काय काय चाललंय तेही न्या,” असं त्या म्हणायच्या.

आणि तिसरी गोष्ट, ती नियम नव्हती, सवय होती. आयांनी आत्यांना कधी काही विचारलं नाही आणि आत्यांनीही आयांना कधी काही विचारलं नाही. ताप आला की औषध देऊन मोकळ्या, नखं वाढली की कापून मोकळ्या, डोक्यात उवा दिसल्या की केस बारीक करून मोकळ्या. संध्याकाळी आईनं पोराचं बोडकं डोकं बघितलं तर हसून म्हणायची, “आत्या, तुम्ही बघाल ते बरोबरच.” वर्षानुवर्षं हे ऐकून आत्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं.

ड्रायव्हरची ती लेक म्हणजे शेपूट. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. ही मुलगी कधी एकटी चालायचीच नाही. कुणाचं तरी टोक धरल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे. आईच्या ओढणीचं टोक, आजोबांच्या सदऱ्याचं टोक, आणि दिवसभर आत्यांच्या ओढणीचं. आत्या वळल्या की ती वळायची, त्या थांबल्या की मागून येऊन आदळायची. आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती, चादरी धुवायची. तिच्या पाळ्या बदलत, म्हणून नेणं-आणणं आजोबांकडे.

त्या साली धरणाचे दरवाजे रात्रीतून उघडावे लागले आणि नदी गल्ली चढून वर आली. त्या रात्रीबद्दल वस्तीतली माणसं अजूनही तुकड्या-तुकड्यांनीच बोलतात. वरच्या अंगाला बसचा डेपो होता, तो उंचावर म्हणून बचावला. होड्या तिथल्या उताराला लागत होत्या, आणि होडीतून उतरणारी प्रत्येक बाई हातातलं पोर आत्यांकडे ढकलून परत अंधारात आपल्या माणसांना हाका मारायला जात होती. शेपूट आली ती एका अनोळखी होडीवाल्याच्या खांद्यावर. “म्हाताऱ्यानं हिला माझ्याकडे दिली आणि म्हणाला, पुढच्या फेरीत मी येतो,” एवढंच तो म्हणाला. पुढच्या फेरीत गल्लीत नुसतं पाणी होतं. आजोबा आले नाहीत. कुठे सापडलेही नाहीत.

शेपटीची आई त्या रात्री पाळीवर होती म्हणून वाचली. सकाळी चिखलातून धावत डेपोत आली, लेकीला बघून खाली बसली, आणि मग तिनं आजोबांबद्दल विचारलं. बायकांनी नदीकडे बघितलं. शेपटीचा बाप दूर कुठेतरी ट्रकसकट अडकून पडला होता. पूल वाहून गेला होता.

मग सगळी वस्ती डेपोतच राहायला लागली. बस दुरुस्त करायची लांबलचक शेड होती. जमिनीत माणूसभर खोल खड्डे होते. बस वर उभी करून मेकॅनिक त्यात उतरून काम करायचे. त्या खड्ड्यांवर फळ्या टाकून त्यांच्या मधल्या जागेत एकेका कुटुंबानं चादरी बांधून घर केलं होतं. डिझेलचा आणि फिनेलचा वास अंगाला चिकटून राहायचा. खड्ड्यांत पावसाचं पाणी साठलं होतं, वर तेलाचा तवंग. फळ्या कधी सरकायच्या. आयांना आता झोप लागायची ती पोराच्या दंडावर हात ठेवूनच.

दूध आलं, औषधं आली, कपडे आले. आणि एक दिवस प्रश्नताई आली.

हे नाव पोरांनीच ठेवलं. गळ्यात ओळखपत्राची दोरी, पायात चिखलानं माखलेले बूट, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. संकटानंतर मुलांच्या मनावर काय काय होतं याचा तिच्या संस्थेला अभ्यास करायचा होता. पुढच्या वेळी कुठे अशी वेळ आली तर मुलांना कसली मदत आधी लागते ते कळावं म्हणून. मुलगी कामाची होती, खोटी नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्या बायकांना शेडमध्ये बसवून स्वच्छ सांगितलं, “हे मदतीचं काम नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी दूध, औषध, काही म्हणजे काही बंद होणार नाही. अगदी मोकळेपणानं नाही म्हणा.”

बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकूण एक बाई हो म्हणाली.

“बघितलंत?” वस्तीतली शिंपीण आत्यांच्या कानाशी कुजबुजली. तिच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. “नाही म्हणायची मुभा देतेय, पण ती बसलीय दुधाच्या टेबलामागे. तिथून नाही कसं ऐकू येणार तिला?”

“तू पण ना! चांगली आहे ग पोरगी.”

“चांगलीच आहे. म्हणून तर आणखी नाही म्हणवत.”

डेपोच्या टाइमकीपरची काचेची केबिन प्रश्नताईला मिळाली. आत रंगीत खडू, कोरे कागद, चालू असलेला पंखा. पण मुलं जाईनात. दारापर्यंत जायची आणि भोकाड पसरायची. मग कुणीतरी तिला सांगितलं, आत्यांना विचार. आत्या लगेच तयार झाल्या. पोरं शेडमध्ये नुसती खड्ड्यांकाठी घुटमळत होती, त्यापेक्षा पंख्याखाली चित्रं काढतील, त्यात वाईट काय? त्या मुलांना एकेक करून केबिनच्या दाराशी न्यायच्या आणि प्रश्नताईनं शिकवलेलं वाक्य सांगायच्या, “आत जे बोलशील ते कुण्णाला म्हणजे कुण्णाला कळणार नाही. मलासुद्धा नाही.”

पहिल्या दिवशी हे वाक्य त्यांच्या घशात अडकलं होतं. जन्मभर ज्या बाईनं दिवस सांगितला, तिनंच आता पोराला म्हणायचं की दिवस कुणाला सांगायचा नाही. त्यांनी प्रश्नताईला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “आत्या, मुलं घाबरून गप्प असतात. आईला वाईट वाटेल म्हणून आईसमोर बोलत नाहीत. गुपित राहील असं कळलं तरच बोलतात.” तेही खरंच होतं.

शेपटीचा नंबर आला तेव्हा तिची आई दवाखान्यात होती. पुरानंतर तिथे चादरींचा ढीग पडला होता, तिला बोलावणं आलं होतं.

“हिच्या आईशी माझं बोलणं झालेलं नाही,” प्रश्नताई म्हणाली. “पहिल्या दिवशी ती नव्हती. तिला विचारायला हवं.”

“तिची काही हरकत नाही,” आत्या म्हणाल्या.

“नक्की? विचारलंत तुम्ही?”

“अगं, मी सांगतेय ना. रांगायला लागायच्या आधीपासून माझ्याकडे आहे ती.”

प्रश्नताई क्षणभर घुटमळली. बाहेर बरीच मुलं थांबली होती, आणि आत्यांच्या बोलण्यात तसूभरही शंका नव्हती. शेपूट आत गेली. आत्यांच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीतून सोडवावं लागलं.

ती बाहेर आली तेव्हा आत्यांनी सवयीनं ओढणी पुढे केली. शेपटीनं ती धरली नाही. शहाण्या माणसासारखी दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घालून ती एकटी चालत शेडकडे गेली. आत्यांच्या मनात काहीतरी खटकलं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, मोठी झाली पोरगी, बरंच झालं. संध्याकाळी आई आल्यावर त्यांनी दिवसही सांगितला. जेवली, झोपली, खडूंनी चित्रं काढली. केबिनचं तेवढं राहिलं. सांगण्यासारखं आपल्याला ठाऊकच काय आहे, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं. जीपवर भोंगा लावून माणसं ओरडत गेली. धरणाचे दरवाजे संध्याकाळी पुन्हा उघडणार, खालच्या वस्तीत कुणी जाऊ नये, पाणी सोडण्याआधी सायरन वाजेल. बायकांनी सामान आवरून घ्यायला सुरुवात केली, आवरण्यासारखं काही नसताना. आत्या दुधासाठी पोरं गोळा करत होत्या. नेहमीसारखं डोक्यांवरून हात फिरवत गेल्या, आणि शेवटाला पोचल्यावर त्यांचा हात रिकाम्या हवेत थांबला.

“शेपूट कुठाय?”

कुणालाच माहीत नव्हतं. मघाशी होती. आत्ता इथेच होती.

आत्यांनी पहिल्यांदा खड्ड्यांकडे बघितलं. कडेच्या खड्ड्यावरची एक फळी सरकलेली होती. माणूस आत जाईल एवढी नाही, पण एक लहान मूल सहज जाईल एवढी. खाली काळं पाणी, अजिबात न हलणारं.

“वॉचमन!” आत्या किंचाळल्या. तो आवाज आपला आहे हे त्यांना कळलंही नाही.

वॉचमन बांबू घेऊन धावत आला. पोटावर पालथा पडला आणि बांबू पाण्यात खुपसला. बांबू कशाला तरी अडला. वॉचमननं मान वर केली, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. त्यानं बांबू सरकवला, ते जड काहीतरी हळूहळू वर आलं. एका आईनं आपल्या पोराचे डोळे झाकून घेतले.

टायर होता. जुना, कुजका टायर.

“अगं बाई ग!” म्हणून शिंपीण मटकन खाली बसली, आणि त्याच श्वासात वॉचमनवर घसरली, “फळ्या बघत जा की रे! नुसता शिट्टी गळ्यात अडकवून फिरतोस!”

“आता मी खड्डे बघू का गेट बघू?” वॉचमन रडवेला झाला होता. “गेटावर सगळे सामान घेऊन बाहेर-आत करतायत. एक पोरगी गेली तरी कळायचं कसं मला?”

सगळ्यांनी गेटाकडे बघितलं. गेटातून एक रस्ता दवाखान्याकडे जात होता आणि एक खाली, वस्तीकडे.

संडास बघून झाले, मोडक्या बसच्या सीटांखाली बघून झालं. आत्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घण घातल्यासारखी आपटत होती. काल तिनं ओढणी धरली नव्हती. त्या सरळ केबिनमध्ये शिरल्या.

“काल काय म्हणाली ती तुला?”

प्रश्नताईनं आत्यांचा चेहरा बघितला आणि उठून उभी राहिली. “काय झालं?”

“शेपूट सापडत नाहीये. काल काय म्हणाली सांग.”

“आत्या, मी… मला ते सांगता येत नाही. आपण तिला शब्द दिलाय. असं काही वाटलं तर माझ्या वरिष्ठांना कळवायचं असतं, मी त्यांना फोन करते, थांबा…” तिनं फोन कानाला लावला. टॉवर पडल्यापासून फोन लागायचा तेव्हा लागायचा. तिनं पुन्हा लावला.

“काय वाटलं तर?” आत्या म्हणाल्या. “असं काही म्हणजे कसं काही? अगं, सायरन वाजणार आहे आता!”

प्रश्नताईनं फोन टेबलावर ठेवला. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

“तिच्याकडे आजोबांचा चष्मा आहे,” ती म्हणाली.

“चष्मा? तिच्याकडे कुठे?”

“फ्रॉकच्या आतल्या खिशात. त्या रात्री भिंगांवर पाऊस पडत होता, त्यांना दिसेना, म्हणून त्यांनी काढून तिच्याकडे धरायला दिला आणि तिला होडीत बसवलं. चष्मा तिच्याकडेच राहिला. ती म्हणाली, आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून ते येत नाहीत. मी नेऊन देणार आहे.”

“हे तिनं आपणहून सांगितलं?”

प्रश्नताई खाली बघायला लागली. “एक प्रश्न असतो. जे झालं त्यातलं काही तुझ्यामुळे झालं असं तुला वाटतं का? पुष्कळ मुलांना तसं वाटत असतं आत्या, आणि ती कुणाला बोलत नाहीत. म्हणून विचारायचा असतो. ती आधी नाही म्हणाली. मग खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, हो. आणि चष्मा काढून दाखवला.”

“आणि तू काय केलंस?”

“मुलांना आपण मध्ये काही सुचवायचं नसतं. मी… मी मान डोलावली. बरं म्हटलं. मला वाटलं, लहान मुलं बोलतात तसं बोलतेय, खरंच निघेल असं मनातही आलं नाही.” तिनं तोंडावर हात धरला. “तिला वाटलं असेल मी जा म्हणाले.”

आत्यांना तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. हात उचलण्याइतका राग खरोखरच आला होता. पण त्याच हातानं काल त्यांनी शेपटीची मूठ सोडवून तिला या दारातून आत ढकललं होतं. तिच्या आईला न विचारता. आईला विचारलं असतं तर काय झालं असतं? आई कदाचित म्हणाली असती, नको आत्या, ती आजोबांचं नाव काढलं की झोपत नाही. आत्यांना हे माहीत नव्हतं. आणि कुणी विचारलंच नव्हतं.

“चल,” त्या म्हणाल्या.

वॉचमनला गेटावर थांबवलं, आई आली तर तिला खाली सोडू नको म्हणून. शिंपीण मागे धावली, पण तिचे गुडघे गेलेले. ती उतारावर उभी राहून नुसती ओरडत राहिली, “आत्या, परत फिरा! एकीच्या जागी तिघी जाल!”

खालचा रस्ता म्हणजे घोट्यापर्यंत चिखल. भिंतींवर पाण्यानं डोक्याच्याही वर एक तपकिरी रेघ ओढून ठेवली होती. दारं उघडी, आत अंधार, एका खिडकीत उलटी लटकलेली खुर्ची. कुत्रंसुद्धा नव्हतं. आयुष्यभर ज्या गल्लीत आत्यांनी डोळे मिटून ये-जा केली, तिथे आता पाऊल कुठे टाकायचं कळत नव्हतं. खाली कुठेतरी नदीची घरघर चालू होती, झोपलेल्या जनावरासारखी.

प्रश्नताई हाका मारत होती. गल्ली त्या हाका गिळून टाकत होती.

“तिचं घर कोणतं?”

“घर राहिलंय कुठे? वाहून गेलं,” आत्या म्हणाल्या आणि थबकल्या. घर नव्हतं, मग पोरगी आजोबांना शोधायला जाईल कुठे? चष्म्याशिवाय आजोबांना दिसत नाही. मग न बघताही त्यांना पोचता येईल अशी जागा कोणती? जिथे ते रोज संध्याकाळी यायचे, आणि पायरीवर बसून धापा टाकत म्हणायचे, द्या आमचं शेपूट.

तेवढ्यात सायरन वाजला. लांबून, वर चढत जाणारा, संपेचना असा. आत्या चिखलातून पळायला लागल्या. एक चप्पल रुतली ती तिथेच राहिली.

पाळणाघराचं दार मोडून आत पडलं होतं. जाळी तेवढी खिडकीला होती. आणि पायरीवर, चिखल हातानं पुसून केलेल्या लहानशा जागेत, शेपूट बसली होती. गुडघे जुळवून, मांडीवर चष्मा. पायरीच्या तळाला पाणी लागलेलं होतं.

“शेपटे!”

तिनं मान वर केली. घाबरलेली नव्हती. उलट आत्यांना बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

“तुम्ही का आलात? आजोबा येणारेत.”

“चल बाळा, आधी वर चल.”

“नाही. त्यांनी मला आणलं होतं. त्यांच्याच हातात जायचं. तुम्हीच म्हणता.” तिनं चष्मा छातीशी धरला. “आणि ताईंनी बरं म्हटलंय.”

प्रश्नताई पुढे झाली, तिला उचलायला. शेपटीनं पायरीची कडा धरून अशी किंकाळी फोडली की ती जागच्या जागी थांबली. पायरीला लागलेलं पाणी एक बोट वर आलं होतं. किंवा आत्यांना तसं वाटलं.

ओढून नेता आलं असतं. पण चिखलात झटापट करणारं पोर हातातून निसटलं तर? आत्या तिच्यासमोर खाली बसल्या. आजोबा येणार नाहीत हे त्यांना म्हणवेना, आणि येतील म्हणायला जीभ रेटेना. सायरन चालूच होता.

“त्या रात्री आजोबांनी तुला कुणाच्या हातात दिलं?” त्यांनी विचारलं.

शेपूट विचारात पडली. “होडीवाल्या काकांच्या.”

“स्वतःच्या हातानं?”

“हो.”

“आणि काकांनी तुला कुणाच्या हातात दिलं?”

पाणी शेपटीच्या चपलांशी आलं, तिनं पाय वर घेतले.

“सांग ना. कुणाच्या?”

“तुमच्या.”

“मग मी तुला अजून कुणाला दिलेलं नाही,” आत्या म्हणाल्या. “तुझ्या आईच्या हातात द्यायची राहिलीयस तू. आजोबांनी पाठवलं, मी पोचती करतेय. चल.”

शेपटीनं चष्मा खिशात घातला आणि हात पुढे करून आत्यांच्या ओढणीचं टोक पकडलं.

वर येताना तिघींपैकी कुणी मागे बघितलं नाही. पण मागे गल्लीत भांडी आपटल्यासारखा आवाज येत होता, आणि तो जवळ येत होता. चढावर प्रश्नताईनं शेपटीला पाठीवर घेतलं. पोरीनं तिच्या गळ्याला मिठी मारली, पण ओढणीचं टोक सोडलं नाही, त्यामुळे आत्यांना मान वाकडी करून पळावं लागलं. वाकडी मान दुखतेय, म्हणजे पोरगी आहे, एवढंच त्यांना कळत होतं.

गेटावर वॉचमननं आईला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. तिनं त्याच्या हातावर ओरखडे काढले होते. लेकीला बघून तिनं तिला ओढून घेतलं, पाठीत एक धपाटा घातला, मग तिचं तोंड, हात, पाय सगळं चाचपलं. फ्रॉकमध्ये काहीतरी टणक लागलं. तिनं ते बाहेर काढलं आणि ओढणीनं चष्म्याची भिंगं पुसली.

आत्या अजून धापा टाकत होत्या. तरी त्यांनी दिवस सांगितला. कालपासूनचा सगळा. केबिन, प्रश्न, चष्मा, मान डोलावणं. “आणि तिला आत मी पाठवली. तुझी हरकत नाही असं मीच सांगितलं. तुला विचारलं नव्हतं.”

“मी त्यांच्या शब्दावर घेतलं,” प्रश्नताई मागून म्हणाली. “घ्यायला नको होतं.”

आईनं दोघींकडे बघितलं. तिच्या हातांना चादरींच्या साबणाचा वास होता, बोटं पांढरी पडलेली. “आत्या,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही बघाल ते बरोबरच, असं मीच म्हणायचे ना?” एवढं बोलून तिनं चष्मा लेकीला परत दिला, तिला कडेवर घेतलं, आणि चादरीमागे निघून गेली. पहिल्यांदाच कुणी आई आत्यांकडून मूल नेताना हसली नव्हती.

खाली वस्तीत पाणी शिरल्याचा आवाज आता सगळ्यांना ऐकू येत होता. आत्या शेडच्या दारात बसल्या. फळ्यांच्या मधल्या जागेत पोरं दूध पीत होती, भांडत होती, एकमेकांच्या बिस्किटांवर डोळा ठेवत होती. रोजच्यासारखीच. प्रश्नताई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी त्याच दिशेनं बघत होत्या, आणि दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती.

“ही सगळी आत येऊन गेलीयत?” आत्यांनी विचारलं.

“बहुतेक सगळी.”

“तो प्रश्न सगळ्यांना विचारलास?”

प्रश्नताईनं मान डोलावली.

“आणि पोरं जे म्हणाली त्याला तू…”

“बरं म्हणाले,” ती म्हणाली. “सगळ्यांना.”

कोपऱ्यातला एक मुलगा दूध संपवून उठला. कुणाचंही लक्ष नाही असं बघून त्यानं बिस्किटाचा तुकडा खिशात लपवला आणि गेटाच्या दिशेनं चालायला लागला.

आत्या उठल्या. “तू त्या टोकापासून सुरू कर, मी या टोकापासून,” त्या म्हणाल्या. “एकूण एक आईला गाठायचं. आणि आधी विचारायचं, तुझ्या पोरानं काय सांगितलं ते तुला ऐकायचंय का. विचारायचं, कळलं? सांगत सुटायचं नाही.”

मग त्या एका अनवाणी पायानं, लंगडत, त्या मुलाच्या मागे निघाल्या. हाक मारायची हिंमत त्यांना होईना, न जाणो तो पळायला लागला तर. त्या नुसत्या भराभर चालत राहिल्या, हात पुढे करून, त्याच्या सदऱ्याचं टोक हाताला लागेपर्यंत.